लाकडी पेटी मोफत

लातूर, मंगळवार
(मेसच्या मुली क्लासला गेल्यात, घर शांत आहे आणि सिंधु वाटाणे सोलतीय)

तीर्थरूप शेषेराव दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा मन्मथ याचा शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल आहेत असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, आणि आपण मुखेडला हेडमास्तर असताना ती पोरांकडून घोटून घेतलीत, म्हणून लिहितो. खरं म्हणजे आम्ही खुशाल नाही. पण ते पुढे येईलच. आधी आपली तब्येत कशी आहे ते कळवा. अक्काचे गुडघे काय म्हणतात? लोह्याच्या व्यसनमुक्ती मंडळाचे आपण यंदा पुन्हा अध्यक्ष झालात, आणि बाजारच्या दिवशी आपण तंबाखूच्या पुड्यांची होळी केलीत, हे पेपरात वाचून ऊर भरून आला. (फोटोत आपल्या मागे उभे असलेले गृहस्थ होळीतून एक पुडी पायानं बाजूला सरकवत आहेत असं सिंधुचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही.)

फोन सोडून पत्र का, असं आपल्या मनात येईल. दाजी, आपण फोन स्पीकरवर टाकून बोलता. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीची चौकशी केलीत ती आपल्या अख्ख्या आळीनं ऐकली आणि पुढच्या खेपेला लोह्याला आलो तर पानवाल्यानं बसायला उशी दिली. आजची गोष्ट त्याहून नाजूक आहे. तेव्हा हे पत्र लोह्यावरून जाणाऱ्या नांदेड गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. एकट्यानं वाचावं, आणि शुद्धलेखनाच्या चुकांना लाल गोल करून परत पाठवू नये. या खेपेला मजकुराकडे बघावं.

तर झालं असं, की उन्हाळ्यात मुलींच्या परीक्षा चालू असताना मी दुपारचा मोबाइल बघत पडलो होतो. त्यात एकदम द्राक्षाचा मळा आला. मळ्यात फेटा बांधलेला एक म्हातारा शेतकरी, त्याच्या हातात घड, आणि खाली लिहिलेलं: 'राजद्राक्ष वाइन क्लब. लातूरच्या निवडक नागरिकांना सभासदत्वाची संधी. थेट शेतकऱ्याकडून आपल्या दारात. सत्तर टक्के सवलत.' त्याच्याही खाली: 'पहिल्या सभासदांना अस्सल लाकडी पेटी मोफत.' आणि बाजूला एक घड्याळ उलटं पळत होतं, की एवढ्या वेळात घेतलं तर घेतलं, नाहीतर संधी गेली.

(आपण इथे चष्मा काढून पुसत असाल, हे मला लातुरातून दिसतंय. पुसा, पण पुढे वाचा.)

दाजी, मी शपथेवर सांगतो, माझं लक्ष वाइनकडे नव्हतंच. माझं लक्ष पेटीकडे होतं. सिंधु चार उन्हाळे झाले मागे लागलीय, की पापड-कुरडयांना मुंग्या लागतात, एक चांगली लाकडी पेटी बघा. सुताराकडे गेलो तर त्यानं सागवानाचा भाव असा सांगितला की मी त्याच्याकडे पाणी पिऊन परत आलो. आणि इथे पेटी मोफत! चित्रात तर तिला पितळी कड्या होत्या. आत वाइन असणार हे मला दिसत होतं. पण वाइन म्हणजे दारू नव्हे, असं अलीकडे मोठमोठी माणसं टीव्हीवर भांडून सांगतात. मी लहान माणूस. मी म्हटलं, नसेल.

दुसरं म्हणजे ते 'सभासद'. आपण आणि मी दोघेही साखर कारखान्याचे सभासद. सभासद म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दिवाळीला स्वस्तातली साखर, वर्षाला सर्वसाधारण सभा, सभेत चेअरमनला चार शब्द सुनवायचे, अहवाल फाडायचा आणि जेवून घरी यायचं. मला वाटलं हेही तसंच असणार. शेतकऱ्यांनी द्राक्षांचा काहीतरी सहकारी उद्योग काढलाय, आपण भाग घेतोय, वर्षातून एकदा सवलतीचा माल मिळेल, कुणाला भेट देता येईल, आणि सभा असेल तेव्हा नाशिक बाजूला एक चक्कर होईल. मी घड्याळ शून्यावर यायच्या आत बटण दाबलं. (पुढे एकदा मी बटण न दाबता नुसता बघत बसलो, तर ते घड्याळ शून्यावर आलं, जरा थांबलं आणि पुन्हा पहिल्यापासून पळायला लागलं. असं घड्याळ आपल्या शाळेत असतं तर पोरं कधी घरीच गेली नसती.)

लगेच फोन आला. अर्शिया नावाची एक मुलगी, आवाज फार गोड, म्हणाली मी आपली खासगी वाइन सल्लागार. मला आजवर खासगी डॉक्टरही नव्हता. तिनं विचारलं, जेवणात आपल्याला कोणत्या चवी आवडतात? मी सांगितलं, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, आणि थंडीत बाजरीच्या भाकरीवर लोणी. ती म्हणाली, फारच छान, आपल्या आवडीनुसार आमचे तज्ज्ञ खास आपल्यासाठी पेटी निवडतील. मला भरून आलं, दाजी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आज काय करू असं सिंधुनं मला कधी विचारलेलं नाही; जे मुलींच्या ताटात तेच माझ्या. अर्शियानं माझ्या नावानं एक सरकारी परवानाही काढून दिला. त्यावर स्वच्छ लिहिलंय, की आरोग्य राखण्यासाठी या इसमास पिण्याची परवानगी आहे. तो कागद नंतर सिंधुच्या हाती लागला. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आरोग्याची काळजी आता सरकार घेऊन राहिलंय का? मग उद्यापासून काढाबी त्यांच्याकडंच मागा."

आता पेटी आली त्या दिवशी मी नेमका रेणापूरला मुलींच्या मेससाठी ज्वारी बघायला गेलो होतो आणि सिंधु भाजी आणायला. घरात एकटी आई. आपल्या सासूबाईंचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या वाटपाची सगळी व्यवस्था साखराबाईंच्या, म्हणजे आईच्या हाती होती. कुठून कुठून ट्रक येत. घोंगड्या येत, दुधाची पावडर येई, एकदा तर कुण्या भल्या माणसानं गठ्ठाभर टाय पाठवले होते आणि आमच्या गावची वासरं वर्षभर रेशमी टायला बांधलेली होती. आत काय आहे हे विचारत बसायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता. आईचा नियम एकच: दारात आलेला माल परत धाडायचा नाही, अंगठा उठवायचा, उतरवून घ्यायचा, आणि एका घराला एक नग. आमच्या या गल्लीत निम्मी घरं त्याच भागातून आलेली. जावेद नावाच्या कुरियरवाल्यानं खोकं ठेवलं, आईनं अंगठा उठवला, आणि मी ज्वारी घेऊन परत येईतो आईनं गल्लीत घरोघर एकेक बाटली वाटून टाकली होती. 'लांबून आलंय, द्राक्षाचं टानिक दिसतंय' असं सांगून.

हे मला कळलं ते समोरच्या रईसाआपांकडून. त्या शिवणकाम करतात, आमच्या मेसमधल्या मुलींचे ड्रेस त्याच शिवतात. त्या पेपरात गुंडाळून, वरून ओढणी टाकून बाटली घेऊन आल्या. मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मन्मथभाऊ, अम्मानं दिलेलं शरबत हाय ना, ते शरबत न्हाई. माझ्या नाकाला कळलं. मी कुणाला बोलले न्हाई, पर बाकीच्यांनी पाव्हण्यासाठी फ्रीजात ठिवलंय." मी तिथंच पायरीवर बसलो. रईसाआपांनी पाणी दिलं आणि स्वतः माझ्याबरोबर घरोघर आल्या. चुकून आलाय माल, तारीख संपलेली आहे, पोटाला त्रास होईल, असं सांगत आम्ही एकेक बाटली गोळा केली. फक्त भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना गाठायला उशीर झाला. त्यांनी घशाला बरं म्हणून गरम पाण्यातून चमचा चमचा सगळ्या बायांना दिलं होतं. त्या संध्याकाळचं भजन मी घरात बसून ऐकलं. इतकं उंच आणि इतकं लांब भजन आमच्या गल्लीत आजवर झालेलं नाही. एक आरती तर त्यांनी परत पहिल्यापासून घेतली.

सिंधुनं सगळ्या बाटल्या मोरीत उपड्या केल्या. घरात एक थेंबही कुणी चाखला नाही, मी तर नाहीच नाही. आणि पेटी! दाजी, ती पेटी पुठ्ठ्याची होती. वरून लाकडाच्या रेषा छापलेला कागद चिकटवलेला, आणि पितळी कड्याही छापलेल्याच. मी बोट लावून बघितलं तरी माझा विश्वास बसेना. सिंधुनं तिच्यात कांदे ठेवले. दोन दिवसांत बूड निघालं.

इथवरही ठीक होतं. पण आई रिकामी बाटली टाकून देणारी बाई नाही. तिनं त्या बाटल्या टपात भिजत घातल्या, की वरचा कागद निघाला की तेलाला होतील. आणि कागद निघाले तर खाली दुसरे कागद! वर एकीवर किल्ल्याचं चित्र, दुसरीवर हरीण, तिसरीवर कुण्या सरदार घराण्याची मुद्रा, नावं वेगळी, 'दुर्मिळ', 'राखीव', 'सुवर्णपदक विजेती' असं सोनेरी अक्षरात. आणि खालचा कागद सगळ्यांवर एकच, साधा पांढरा, त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरात नुसतं 'रेड वाइन' आणि कुठल्याशा औद्योगिक वसाहतीतल्या शेडचा पत्ता. मळा नाही, फेटेवाला म्हातारा नाही. सुवर्णपदक देणारी संस्था कोणती ते मी भिंग लावून वाचलं, तर ती राजद्राक्ष वाइन क्लबच! आणि ती सत्तर टक्के सवलत ज्या किमतीवर होती त्या किमतीला तो माल जगात कुणी कधी विकलाच नव्हता, कारण ती नावंच क्लबनं घरी बसून ठेवलेली. मला हसावं की रडावं कळेना. मग मी बाहेर आलो, तर समोरच्या चौकात क्लासवाल्यांचे फलक. चार क्लास, चार फलक, आणि चारींवर पहिली आलेली मुलगी एकच, तीच वेणी, तोच चष्मा. 'शंभर टक्के निकाल'. 'फीमध्ये नव्वद टक्के शिष्यवृत्ती, आज शेवटचा दिवस'. तो शेवटचा दिवस मी तीन वर्षं बघतोय. इतकी वर्षं त्या चौकात राहून मला हा वास आला नाही, याची मला लाज वाटते.

खालचा कागद मात्र निघेना. त्याचा गोंद चांगल्या प्रतीचा होता. (त्या क्लबकडची तेवढीच एक चांगली वस्तू.) आई म्हणाली राहू द्या, इंग्रजी कोण वाचतंय. आणि आम्हाला न सांगता तिनं त्या बाटल्यांत पाणी भरून मेसच्या टेबलांवर मांडल्या. मेस मुलींची, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या, आणि इंग्रजी कोण वाचतंय! मुखेडच्या केरबांची तनुजा जेवताना वडिलांना व्हिडिओ कॉल करते. 'बाबा, आज धपाटे केलेत, बघा' म्हणून तिनं मोबाइल फिरवला, आणि केरबांना तिकडे दिसलं की ओळीनं बसलेल्या पोरी रेड वाइनच्या बाटल्यांतून ग्लास भरून घटाघटा पिताहेत.

दाजी, आपल्याला माहीत आहे ही मेस कशी उभी राहिली. भूकंपानंतर हातात काही नव्हतं तेव्हा सिंधुनं दोन मुलींचे डबे करून सुरुवात केली. दारावर पाटी आहे: 'मुलींसाठी घरगुती शुद्ध शाकाहारी भोजन व निवास'. आईबाप गावाकडून येतात, आपली पोरगी सिंधुच्या पदरात टाकून जातात. लातूरमध्ये क्लास बदलता येतो, खोली बदलता येते, पण मेसचं नाव एकदा गेलं की गेलं. प्रवेशाचे दिवस तोंडावर आलेत, आणि नव्या पालकांना केरबाच पत्ता देतात. ते जर नको म्हणाले तर मुखेड बाजूची एकही पोरगी येणार नाही, आणि मग सिंधुच्या इतक्या वर्षांच्या कष्टावर माझ्या एका बटणानं पाणी फिरलं म्हणायचं. मला कुणाची भीती वाटत नाही, पण तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही.

केरबा दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं आले. बसले नाहीत, चहा घेतला नाही. "अप्पा, ह्ये काय पोरींच्या पुढ्यात मांडून राहिला तुम्ही? म्या पोरगी डाक्टर कराया धाडली हाय." मी सगळं समजावून सांगत होतो, पाणी होतं, आईची चूक, कागद निघेना. ते जरा मऊ होत आले होते. तेवढ्यात दारात जावेद. खांद्यावर दुसरी पेटी, आणि आवाज असा की चौकात ऐकू जावा: "वाइनवाले मन्मथअप्पा, सही करा!" मला कुठं ठाऊक, की सभासद म्हणजे दर महिन्याला माल येणार आणि बँकेतून पैसे आपोआप जाणार! आईनं तोवर अंगठा पुढे केलाच होता. मी आईला धरलं, सिंधुनं जावेदला दारातूनच परत लावलं आणि केरबांनी तनुजाची ट्रंक मागितली. तनुजा रडायला लागली, मी इथंच राहणार म्हणाली. शेवटी केरबांनी थोडी सवड दिली. म्हणाले, "शेषेराव गुरुजींच्या हाताखाली म्या शिकलोय. ते म्हणले की ह्या घरात असलं काई न्हाई, तर मानतो. ऐतवारी येतो. गुरुजी न्हाई आले, तर पोरगी घेऊन जातो."

त्या दिवसापासून मी क्लबच्या मागे लागलोय. सभासदत्व रद्द करायचा नंबर लावला की एक बाई सांगते, आपला फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि मग सनई वाजते. लग्न लागेल एवढी सनई ऐकली. शेवटी अर्शिया सापडली. मी सरळ विचारलं, सर्वसाधारण सभा कधी आहे, चेअरमन कोण, लेखापरीक्षण झालंय का, आणि राजीनामा कुणाकडे द्यायचा? ती आधी इंग्रजीत तेच तेच वाचत राहिली. मग मी मेसचं आणि केरबांचं सांगितलं, तशी वाचायची थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमची मेस ट्यूशन एरियात हाय का? दाराशी लिंबाचं झाड? मी नांदेडची. काकूच्या हातचं येसर मी दोन वर्षं खाल्लंय." मेडिकलला नंबर लागला नाही, घरी सांगायचं धाडस झालं नाही, आता पुण्यात हे काम करते. मला तिचा राग यायला हवा होता. पण मी विचारलं, जेवतेस का वेळेवर? ती रडायला लागली. सिंधुनं माझ्या हातातून फोन घेतला आणि दोघी बराच वेळ बोलत होत्या.

असो. पत्र लांबलं. मुद्दा एवढाच, की झालं ते झालं, माणूस शिकतो, आणि आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद पाठीशी असला की सगळं निभावतं. अक्काला नमस्कार. आई आपली नेहमी आठवण काढते. आईनं त्या सगळ्या बाटल्या आता माळ्यावर टाकल्यात.

आपला आज्ञाधारक,
मन्मथ

ता. क. रविवारी सकाळच्या गाडीनं आपण लातूरला यावं, ही हात जोडून विनंती. मंडळाचा बॅनर आणावा. केरबांसमोर आपण फक्त इतकंच म्हणायचं, की मन्मथच्या घरी वाइनचा थेंब नाही आणि मी अध्यक्ष या नात्यानं हमी देतो. दोन वाक्यं आहेत. जेवायला धपाटे आणि दही करतोय.

ता. क. २. एक किरकोळ गोष्ट राहिली. क्लबच्या नियमाप्रमाणे सभासदत्व रद्द होत नाही, फक्त दुसऱ्याच्या नावावर करता येतं, आणि तो दुसरा कसा हवा, तर समाजात मान असलेला आणि आजवर कधीही वाइन न घेतलेला. मी लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्हे डोळ्यांपुढे आणले, दाजी. असं एकच नाव निघालं.

ता. क. ३. तेव्हा शनिवारी आपल्या दारी एक पेटी येईल. नाकारू नये. नाकारली तर जुन्या सभासदाच्या पत्त्यावर परत येते, म्हणजे रविवारी, म्हणजे केरबांच्या समोर. आपण सही करून आत ठेवावी आणि मग निश्चिंत मनानं येऊन हमी द्यावी, की मन्मथच्या घरी वाइन नाही. ते खरंच असेल. पेटी आतल्या खोलीत ठेवावी, मंडळाची बैठक बाहेरच्या खोलीत असते.

दाजींना सिंधुचा नमस्कार. पत्र कंडक्टरला द्यायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. तुमच्याकडं काही पेटी येणार नाही. ते दुसऱ्याच्या नावावर करायचं क्लबवाल्यांचं बोलणं आहे, खरं नाही. अर्शियानं मला फोनवरच सांगितलं, काकू, बँकेत जाऊन पैसे जायचे बंद करा, आपोआप सुटतील. मी काल गेले, साहेबाचा चहा व्हायच्या आत झालं. थेंब चाखला नाही म्हणतात तेही खोटं. मोरीत ओतायच्या आधी एक घोट घेतला आणि दुपारभर स्वतःची नाडी धरून बसले होते.

केरबांकडं मी परवाच मुखेडला जाऊन आले. सगळं सांगितलं, पुठ्ठ्याच्या पेटीसकट. ते हसायला लागले, हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, वयनी, फलक बघून पोरगी लातूरला धाडली, शेत गहाण ठिवलं. क्लास निघाला फसवा, तुमची मेस तेवढी खरी निघाली. ती कशाला सोडू? तनुजा राहतीय. तिच्या गावच्या आणखी दोघी येणार आहेत.

तुम्ही रविवारी या, अक्काला पण आणा, नुसतं जेवायला. बॅनर नको. पण यांना तोवर काही कळवू नका. घाबरलेत तोवर मोबाइल माझ्याकडं आहे, आणि वाटाणे पण सोलायला बसतात.